ज्याचा कागद, त्याच्या तोंडात सुपारी

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर त्याने तेवढं पोटात घालावं. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा नाल्यापलीकडच्या गावात होती आणि मुलीला एवढ्या लांब पाठवायला घरचं कोणी तयार नव्हतं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा घसा बसतो. लिहिताना समोर कोणी नसतं, म्हणून लिहिते.

मी एका गटाची अध्यक्ष आहे. हे वाक्य लिहितानाही मला इकडेतिकडे पाहावंसं वाटतं. गटातली माणसं यंत्रांसोबत येणारे माहितीचे कागद लिहितात: पंप कसा जोडावा, घरघंटी कशी चालवावी, फवारणीचं यंत्र कसं धुवावं. कागद नीट लिहिला गेला की नाही हे तपासायला अमरावतीची आणि अकोल्याची माणसं महिन्यातून एकदा जमतात. एक महिना इकडे, एक महिना तिकडे. सगळे माझ्यापेक्षा जास्त शिकलेले. मी त्यांची अध्यक्ष कशी झाले ते मला लिहून काढायचं आहे. आणि एका कागदावर मी शिक्का मारायला नको होता, तो कसा मारला, तेही.

अमरावतीला एका कारखान्यात मी पॅकिंगला होते. माहितीच्या कागदाला चार घड्या घालायच्या आणि खोक्यात यंत्राच्या वर ठेवायचा, एवढंच काम. दिवसभर तोच कागद हातात आला की न ठरवता वाचला जातो. घरघंटीच्या कागदावर एक ओळ होती, ‘जास्त ओलसर धान्य दळू नये.’ मी त्या कागदाला शेकडो वेळा घडी घातली आणि दर वेळी वाटायचं, जास्त म्हणजे किती? मुठीत धरून कळतं की दाताखाली धरून? घरी आई गहू दाताखाली धरून पाहायची. कट्‌ आवाज आला की दळायला द्यायचे. कागद लिहिणाऱ्याला हे माहीत असेल का?

एक दिवस मी एका कागदाच्या कडेला पेन्सिलने लिहिलं, ‘किती ओलं ते कसं ओळखावं?’ आणि तो कागद टेबलावरच ठेवून दिला. खोक्यात टाकायचं धाडस झालं नाही.

दुपारी ऑफिसातली मुलगी तो कागद घेऊन खाली आली. कारखान्याचे सगळे कागद तीच लिहायची. “हे कोणी लिहिलं?” तिने विचारलं. मी फरशीकडे पाहिलं. बाकीच्या बायांनी माझ्याकडे पाहिलं. ती एक रिकामं खोकं उलटं करून माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, “मावशी, अजून काय काय कळत नाही ते सांगा ना.”

जेवणाची सुट्टी संपेपर्यंत मी बोलत होते. आयुष्यात इतकं सलग कधी बोलले नव्हते. ती माझ्या निम्म्या वयाची, पण शिकलेली, म्हणून मी तिला ताई म्हणते आणि ती मला मावशी म्हणते. पुढच्या महिन्यात तिने मला बडनेऱ्याहून गाडीत बसवलं आणि अकोल्याला गटाच्या बैठकीला नेलं.

बैठक चाचांच्या दुकानात होती. चाचा मोटर भरतात, म्हणजे जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळतात. ते स्वतः एक ओळही लिहीत नाहीत. पण दर बैठकीला एका थैलीत जळालेल्या तारांची वेटोळी घेऊन बसतात. त्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांचे कागद वाचले आणि ‘छान झालाय’ म्हटलं. मग चाचांनी एक काळं वेटोळं काढून मधोमध ठेवलं. “या मोटरीसंगं बी कागद होता,” ते म्हणाले. “लई छान होता.”

सगळे आपापल्या कागदाकडे पाहू लागले. मला मात्र फार मजा वाटली.

मग त्यांनी मला एका पंपासमोर बसवलं आणि त्याचा कागद हातात दिला. तो कागद सरांनी लिहिला होता. सर आयटीआयमध्ये शिकवून निवृत्त झालेले. मी एक ओळ वाचून हात पुढे केला की ते म्हणत, “तो नाही, तो नाही, डावीकडचा.” तीनदा असं झालं. चाचांनी बटव्यातून एक अख्खी भाजकी सुपारी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

“सर, तोंडात धरा. चावाची नाई.”

“का बरं?”

“ही बाई घरी पंप लावन, तवा तुमी तिच्या बाजूले बसून राहान का?”

सर हसले आणि त्यांनी सुपारी तोंडात धरली. तेव्हापासून आमच्यात नियम झाला. ज्याचा कागद, त्याच्या तोंडात सुपारी. वाचणाऱ्याने कागदात लिहिलंय तेवढंच करायचं, लिहिणाऱ्याने बघत बसायचं. लिहिणाऱ्याने न राहवून दात आवळले आणि सुपारी फुटल्याचा आवाज आला की कागद नापास.

नापास कागदांची मला फार गंमत वाटायची. फवारणीच्या एका यंत्राच्या कागदात लिहिलं होतं, ‘टाकी भरा.’ कशाने ते नव्हतं. मी घागरीतलं पाणी ओतलं. ती टाकी पेट्रोलची होती. लिहिणाऱ्याची सुपारी अशी फुटली की बाहेर चहावाल्याने वळून पाहिलं. नंतर चाचा तासभर ते यंत्र खोलून पुसत होते आणि मधूनमधून म्हणत होते, “बाईची चूक नाई. बाईनं टाकी भरली.”

मला हळूहळू एक छंदच लागला. वाचताना माणसाचा डोळा कुठे थांबतो, हात कुठे घुटमळतो, ते मी बघू लागले. ‘काळजीपूर्वक’ हा शब्द जवळजवळ प्रत्येक कागदात असायचा. एकदा मी ताईच्या कानात विचारलं, “काळजीपूर्वक म्हणजे हातानं काय कराचं?” तिने तो प्रश्न मोठ्याने सगळ्यांना विचारला. सरांनी बराच वेळ विचार केला आणि आपल्या कागदातून तो शब्द पाच ठिकाणी खोडला. त्याऐवजी लिहिलं, ‘एका हाताने झाकण दाबून धरा.’ एवढी शिकलेली माणसं माझ्या प्रश्नाने खोडाखोड करतात, याचं मला नवल वाटायचं. मी काही सांगत नव्हते. मला कळत नव्हतं, एवढंच.

पहिले अध्यक्ष बदली होऊन गेले तेव्हा सर म्हणाले, “या बाईंना कळल्याशिवाय कागद पुढे जात नाही. म्हणजे अध्यक्ष आधीपासून ह्याच आहेत.”

“मले बोलता येत नाई,” मी म्हटलं.

“म्हणून तं,” चाचा म्हणाले. “बोलणारे आमच्यात लई हायत.”

ताईने रबराचा शिक्का करून आणला, ‘वाचून, करून पाहिले’. कागद पास झाला की मी त्यावर तो मारायचा आणि मग कारखानदार तसाच शिक्क्यासकट कागद छापायचा. त्याबद्दल कारखानदार गटाला थोडे पैसे देत. त्यात चहा आणि गाडीभाडं निघायचं. शिक्का माझ्या पिशवीत असायचा. सर तेव्हापासून मला ‘अध्यक्षबाई’ म्हणून चिडवतात. मला ते आवडतं, पण मी तसं दाखवत नाही.

मिरची-मसाला दळायच्या यंत्राचा कागद ताईने लिहिला होता. कारखाना दुसरा, अमरावतीतलाच. कागद सुरेख होता. आम्ही तो कारखान्याच्या आवारातच करून पाहिला. ताई तोंडात सुपारी धरून, एका हातात मोबाइल धरून माझा व्हिडिओ काढत होती. मी वाचत गेले, करत गेले. मोटर जोडली, पट्टा चढवला, यंत्र चालू केलं, मिरची टाकली. सगळ्यांना ठसका लागला. सुपारी फुटली नाही. मी शिक्का मारला.

काही महिन्यांनी ताईला फोन आला. कागदाच्या तळाशी तिचा नंबर होता. पातूरजवळच्या एका गावातल्या बचत गटाची बाई बोलत होती. त्यांनी ते यंत्र घेतलं होतं. पहिल्याच दिवशी आतली चाती, म्हणजे दळणारी गोल तबकडी, सुटली, यंत्राच्या पोटावर आपटली आणि दांड्यासकट मोडली. कारखानदार म्हणाला, मोटर उलटी जोडली, ती गिऱ्हाइकाची चूक.

ताईने फोन माझ्या कानाला लावला. मला वाटलं बाई भांडेल. ती म्हणाली, “मी भांडाले फोन नाई केला. मले फक्त सांगा, कागद पाहून पाहून केलं, तरी असं काहून झालं?”

मला त्या रात्री झोप लागली नाही असं लिहिणं सोपं आहे, पण खरं म्हणजे मला लागली. सकाळी उठल्यावर मात्र तिचा प्रश्न आधी आठवला. तिच्या जागी मी असते तर मीही तोच विचारला असता.

आम्ही तिघं गेलो, ताई, चाचा आणि मी. अकोल्याहून पातूरची बस, मग ऑटो. बाई माझ्याएवढीच असेल. कपाळावर आडवी आठी, पण आवाज मोकळा. तिने यंत्र पत्र्याच्या खोलीत ठेवलं होतं, मोडलेली चाती पोत्यावर वेगळी. चाचांनी ती उचलून पाहिली.

“उलटीच फिरली,” ते म्हणाले. “मोटरीच्या तीन वायरी. दोन इकडच्या तिकडं झाल्या का ते उलटी फिरते. उलटी फिरली का हे नट ढिल्लं होत जाते. मंग चाती सुटते.”

“मंग हे कागदात काहून नाई?” बाईने विचारलं.

चाचांनी ताईकडे पाहिलं. ताईने कागद परत वाचला. ‘मोटर जोडा. पट्टा चढवा. यंत्र चालू करा.’ मोटर कुठल्या बाजूला फिरते ते आधी पाहा, अशी ओळ नव्हती.

“पण मावशींनी चालवलं तेव्हा नीट चाललं,” ताई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. तिने मोबाइल काढून तो व्हिडिओ लावला. आम्ही चौघं यंत्राभोवती उकिडवे बसून पाहू लागलो. व्हिडिओतली मी कागद वाचते, मोटर जोडते, पट्टा चढवते. काही वेगळं नव्हतं. परत लावला. परत तेच.

तिसऱ्या वेळी बाईने पडद्यावर बोट ठेवलं. “थांबवा. हे काय केलं तुमी?”

“काय?”

“पट्टा चढवाच्या आधी बटन दाबलं. जरासं. आन् मोटरीकडं पाहिलं. हे कुठी लिहिलं हाय?”

ताईने मागे नेऊन हळू केलं. खरंच. माझा हात कागदावरून उठतो, बटणाकडे जातो, क्षणभर दाबतो आणि सोडतो. माझी नजर झाकणावरच्या बाणाकडे जाते. मोटर बाणाच्या दिशेने फिरली हे पाहून मी पट्टा उचलते. मग पुढची ओळ वाचते.

कारखान्यात तपासणीचे मिस्त्री रोज असंच करायचे. माझं पॅकिंगचं टेबल त्यांच्या समोर होतं. इतकी वर्षं पाहून माझ्या हाताला ते आपोआप येत होतं. मला ते केल्याचं आठवतही नव्हतं. आणि तिथे बसलेल्या एकाच्याही डोळ्याला ते खटकलं नव्हतं, कारण त्या सगळ्यांचेही हात तसेच होते. ताई तर मोबाइलमधून सारखी माझ्या हाताकडेच बघत होती.

मी बराच वेळ स्वतःचा हात पाहत राहिले. मला शरम वाटायला हवी होती आणि ती वाटलीही, थोड्या वेळाने. पण आधी फार नवल वाटलं. मला कळत नाही म्हणून मला या गटात आणलं होतं. मग मला कळायला कधी लागलं? कोणत्या बैठकीत, कोणत्या यंत्रापासून? ते माझं मलाच कसं दिसलं नाही?

बाई म्हणाली, “म्हंजे कागद तुमी नाई वाचला. तुमच्या हातानं वाचला.”

चाचा हसले. ताई रडायच्या बेतात होती. बाईने तिला पाण्याचा तांब्या दिला.

पुढची बैठक अमरावतीला होती. मी कधी विषय काढत नाही, त्या दिवशीही ताईने काढला. दुरुस्तीचे चौदा हजार दोनशे रुपये झाले होते. पातूरच्या बचत गटातल्या बायांनी ते आपापसात गोळा करून दिले होते. सर म्हणाले, “आपण कागद तपासतो. यंत्राची हमी आपण घेतलेली नाही. एकदा पैसे दिले की प्रत्येक मोडलेलं यंत्र आपल्या दारात येईल.” त्यांचं चूक नव्हतं. दोघांतिघांनी मान हलवली.  कागद ताईचा होता, आणि विषय काढून झाल्यावर तिने कोणी न सांगता सुपारी तोंडात धरली होती.

मी पिशवीतून शिक्का काढून सतरंजीवर ठेवला. माझा घसा बसला होता. तरी म्हटलं, “याच्यावर काय लिहिलं हाय ते वाचा.”

सरांनी वाचलं. “वाचून, करून पाहिले.”

“मी वाचलं नवतं. मंग हे खोटं लिहिलं आपण. त्या बाईनं आपल्यावर भरोसा ठेवून बटन दाबलं.” एवढंच बोलले. 

सरांनी शिक्का परत सतरंजीवर ठेवला. मग म्हणाले, “अध्यक्षबाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि चौदा हजारांचं उघडलं.” सगळे हसले आणि ठरलं. कारखानदारांकडून येणारे पैसे आता चहाला जाणार नाहीत, पातूरला जातील. चहा ज्याचा त्याने. दुरुस्त कागद त्या कारखान्याला दिला तेव्हा त्यांनी पैसे द्यायचं नाकारलं, पण ती ओळ मात्र छापली. बाणाच्या चित्रासकट.

पैसे थोडे थोडे जमत. अकोल्याची बैठक झाली की मी तशीच पुढे पातूरची बस धरायची. फोनवरून पाठवता आले असते. ताईने तेही सुचवलं होतं. मीच म्हटलं, हातोहात देते. खरं कारण दुसरं होतं. मला त्या बाईचे डोळे हवे होते.

कारण आता प्रश्न हा होता की कागद वाचणार कोण? मी तर बाद झाले होते. आम्ही नवा नियम केला, ज्याने ते यंत्र कधी हाताळलेलं नाही त्यानेच वाचायचं, आणि एका माणसाने एका प्रकारच्या यंत्राचा कागद एकदाच. म्हणजे दर महिन्याला नवं माणूस शोधायचं. आणि ते शोधायचं काम अध्यक्षाचं.

पहिल्यांदा मी अकोल्याच्या बसस्टँडवर कागद हातात धरून दीड तास उभी होते. कोणाला हाक मारायची हिंमत होईना. शेवटी मूर्तिजापूरच्या गाडीची वाट पाहणाऱ्या एका म्हातारीनेच विचारलं, “कायचा कागद हाय व माय? योजनेचा फारम हाय का?”

“नाई. कुकरच्या शिटीचा हाय. वाचता का जरा?”

“मले येते वाचता. तुले येत नाई का?”

“येते,” मी म्हटलं. “म्हणूनच तुमाले देऊन राहिली.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वेडी समजली असावी. पण वाचलं. दुसऱ्या ओळीला थांबली आणि म्हणाली, “हे कोण्या मास्तरानं लिहिलं हाय.” बरोबर होतं. तो सरांचाच कागद होता.

आता मला स्टँडवर तेवढी भीती वाटत नाही. थोडी वाटते. प्रत्येकाला काय कळत नाही ते वेगळं असतं, आणि ते विचारायची उत्सुकता भीतीपेक्षा जास्त असते. धारणीकडची एक बाई भेटली. तिने चित्रातला बाण पाहून विचारलं, हा बाण यंत्राला मारायचा आहे का? आम्ही बाणापुढे ‘इकडे फिरते’ असं लिहायला लागलो.

पातूरच्या बाईकडे मी दर वेळी पैशांसोबत एक नवा कागद न्यायची. ती आधी पैसे पदराला बांधायची आणि मग कागद हातात घ्यायची. एकदा मी भीत भीत विचारलं, “यंत्र बंद होतं तवा महिनाभराचं दळण गेलं तुमचं. त्याचं काय?”

“महिना गेला तो गेला,” ती म्हणाली. “त्याचा हिशोब देवापाशी. यंत्राचा तुमी करा.”

या उन्हाळ्यात शेवटचा हप्ता घेऊन गेले. पैशांची पावती हवी म्हणून मी घरी बसून स्वतः एक कागद लिहिला होता. माझा पहिलाच. वाकड्या अक्षरात, दोन ओळी. ‘पैसे मोजा. बरोबर असतील तर खाली सही करा.’

बाईने कागद घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “हा कोणाचा कागद?”

“माझा.”

ती आत गेली. अडकित्त्याच्या डब्यातून एक सुपारी आणून माझ्या हातावर ठेवली. “तुमचाच नेम हाय.”

मी ती तोंडात धरली.

तिने पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. मग कागद उलटा करून मागची बाजू पाहिली, परत पुढची पाहिली.

“आन् बरोबर नसले तं काय कराचं? हे तं लिहिलंच नाई.”

मला सांगायचं होतं की आहेत, बरोबर आहेत, मी गाडीत दोनदा मोजले. जीभ सुपारीवर आली. दात मिटता मिटता मी थांबवले. ती गालात हसत होती, मला हे दिसत होतं, आणि तरी मला काही करता येत नव्हतं. इतकी वर्षं समोर बसलेल्या माणसांना असंच होत असेल का?

ती खाली बसली. नोटा मांडीवर ठेवून एकेक करून मोजल्या. घाई केली नाही. मग आधीच्या हप्त्यांचे आकडे लिहिलेली तिची वही काढली आणि आजचा आकडा त्याखाली लिहून बेरीज केली. एकदा वरून, एकदा खालून. मग माझ्या कागदावर, दुसऱ्या ओळीच्या खाली, सही केली. चौदा हजार दोनशे रुपये पूर्ण फिटले होते.